डच क्रियापद 'क्रेइखन': अर्थ, मूळ आणि रूपे (मिळणे, लागणे, होणे, येणे... आणि खिडकी न उघडणे)

पवनचक्की

डच शिकायला लागलं की पहिल्याच महिन्यात गाठ पडते आणि तिसऱ्या वर्षीही जे पुरतं कह्यात येत नाही, असं हे क्रियापद. कोशात समोर 'मिळणे' लिहिलेलं असतं. इंग्रजीतून शिकणारे त्याला 'गेट'चा डच भाऊ समजतात आणि तिथेच घसरतात. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी लिप्यंतराचं ठरवून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होईल. शब्दाची अक्षरं: के, आर, आय-जे, जी, ई, एन. 'आय-जे' ही जोडी डचमध्ये एकच स्वर दाखवते. 'ए'ने सुरू करून 'इ'कडे घसरायचं, म्हणून मी 'एइ' लिहितेय. 'जी'चा उच्चार 'ग' नाही. घसा खाकरताना येतो तो घर्षक 'ख', जीभ मागे कुठेही न टेकवता. दक्षिणेला, म्हणजे ब्राबांत, लिम्बर्ग आणि बेल्जियमच्या डच भागात, हाच ख मऊ होतो आणि तोंडात पुढे सरकतो. शेवटचा 'न' पश्चिमेकडे बोलताना गळतो, 'क्रेइखऽ' एवढंच ऐकू येतं. ईशान्येकडे उलट, मधला स्वर गिळतात आणि न ठेवतात. लिहिताना 'न' सगळीकडेच.

आता चालवून दाखवते.

वर्तमान: इक क्रेइख (मी), येइ क्रेइख्त (तू), यू क्रेइख्त (आपण), हेइ / झेइ क्रेइख्त (तो / ती), वेइ, युली, झेइ क्रेइखन (आम्ही, तुम्ही, ते).
भूत: एकवचनात सगळ्यांना क्रेख, अनेकवचनात सगळ्यांना क्रेखन.
भूतकालवाचक धातुसाधित: ख-क्रेखन. सहायक क्रियापद कायम 'हेबन' (जवळ असणे, 'इक'सोबत 'हेप'): इक हेप अन ब्रीफ ख-क्रेखन, मला पत्र मिळालं आहे.
भविष्य: इक झाल क्रेइखन. बोलताना बहुतेकदा नुसता वर्तमानकाळ आणि सोबत 'उद्या', 'पुढच्या आठवड्यात' असा शब्द.
आज्ञार्थ: क्रेइख! (हा जवळजवळ फक्त शिव्याशापांत सापडतो, त्यावर कुणीतरी लिहीलच.)

दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक, प्रश्नात क्रियापद पुढे आलं आणि 'येइ' किंवा 'य' मागे गेला की 'त' गळतो: येइ क्रेइख्त, पण क्रेइख य? आदरार्थी 'यू'ला हे लागू नाही: क्रेइख्त यू? दुसरी मेख अशी की 'य'चा अर्थ 'तुझा' असाही होतो. 'क्रेइख्त य वादर...' म्हणजे 'तुझ्या वडिलांना मिळतं का...'. इथे कर्ता वडील आहेत, त्यामुळे 'त' राहतो. 'य' दिसला की डोळे मिटून 'त' काढणारे इथे गुण घालवतात.

व्याकरणवेडी

छान सुरुवात. रूपांत भर घालते.

'क्रेइखन' हे सबळ क्रियापद. भूतकाळ करताना शेवटी काही जोडायचं नाही, आतला स्वर बदलायचा. स्वरांची साखळी एइ, ए, ए. याच साखळीतली बाकीची सोबत पाठ केली तर वेगळे कष्ट नाहीत:

स्ख्रेइवन, स्ख्रेफ, ख-स्ख्रेवन (लिहिणे)
ब्लेइवन, ब्लेफ, ख-ब्लेवन (राहणे, याला मात्र सहायक 'झेइन', म्हणजे असणे, 'इक'सोबत 'बेन')
केइकन, केक, ख-केकन (पाहणे)
रेइदन, रेत, ख-रेदन (वाहन चालवणे)
झ्वेइखन, झ्वेख, ख-झ्वेखन (गप्प राहणे)

शब्दलेखनाची खाच: 'क्रेख'मध्ये 'ई' अक्षर दोनदा, 'क्रेखन'मध्ये एकदा. उच्चार दोन्हीकडे तोच दीर्घ ए. अवयव, म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, व्यंजनाने बंद झाला तर दीर्घ स्वर दुहेरी लिहायचा, स्वरावर उघडा राहिला तर एकेरी. क्रे-खन असं तोडलं की 'क्रे' उघडा आहे हे दिसतं. अनेकवचनात दोन 'ई' लिहिलेले दिसले की लिहिणाऱ्याने शब्द तोडून पाहिलेला नाही असं समजावं.

आणि 'एइ' दिसला की क्रियापद सबळच असेल असं धरू नका. 'त्वेइफलन' (शंका घेणे) निर्बळ आहे, म्हणजे आतला स्वर तसाच ठेवून शेवटी प्रत्यय घेतं, भूतकाळ 'त्वेइफल्द'. 'प्रेइझन'ची तर जोडी आहे. स्तुती करणे या अर्थी भूतकाळ 'प्रेस', किमतीची चिठ्ठी लावणे या अर्थी 'प्रेइझ्द'.

आइंदहोवनकर

सहायक 'हेबन'च का हे जरा उलगडा ना. 'मिळालं आहे' म्हणताना आपल्या डोक्यात 'आहे' असतं, म्हणून 'इक बेन ख-क्रेखन' तोंडात येतं.

व्याकरणवेडी

ते 'आहे'मुळेच होतं. डचमध्ये 'झेइन' हे सहायक मुख्यतः जागा किंवा अवस्था बदलणाऱ्या अकर्मक क्रियापदांना लागतं: येणे, पडणे, मरणे. 'क्रेइखन' सकर्मक आहे, मिळालेली वस्तू त्याचं कर्म. म्हणून 'हेबन', अपवाद नाही. मराठीत 'मिळणे' अकर्मक आहे आणि मिळालेली वस्तू कर्ता असते, गोंधळाचं मूळ तेच. 'मला पत्र मिळालं' यात क्रियापद पत्राप्रमाणे चालतं. 'मला चिठ्ठी मिळाली', 'मला पैसे मिळाले'. डचमध्ये ते घेणाऱ्याप्रमाणे चालतं.

पोफळी

हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून यावरच थांबते जरा.

मराठीत जिथे जिथे 'मला' येऊन काहीतरी होतं, लागतं, येतं, मिळतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी डच माणूस 'इक क्रेइख' म्हणतो:

मला भूक लागली: इक क्रेइख हॉङर.
मला झोप यायला लागली: इक क्रेइख स्लाप.
मला ताप आला: इक क्रेइख कोर्त्स.
मला कॉफी प्यावीशी वाटायला लागली: इक क्रेइख झिन इन कॉफी.
तिला मूल होणार आहे: झेइ क्रेइख्त अन किन्त. (बापालाही हेच: हेइ क्रेइख्त अन किन्त.)
त्याला दंड झाला: हेइ क्रेख अन बूत.
मला पश्चात्ताप व्हायला लागला: इक क्रेइख स्पेइत.

चार मराठी क्रियापदं, डचमध्ये एक. उलट्या दिशेने मात्र सावध. मराठीत 'आला', 'झाली' आहे म्हणून डचमध्ये क्रेइखन असेलच असं नाही. सर्दी झाली याला 'वरकाउदन वॉर्दन' म्हणतात, राग आला याला 'बोस वॉर्दन'. कारण डचमध्ये ही दोन्ही विशेषणं आहेत आणि विशेषणाला 'वॉर्दन' (होणे) लागतं. 'ख्रीप', म्हणजे फ्लू, नाम आहे, त्याला क्रेइखन. नाम की विशेषण एवढं पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

'बहुतेक' म्हटलं कारण एक टोळी या नियमाबाहेर आहे: थंडी, उकाडा, कामाची गर्दी, जीव घुसमटणे. यांत मध्ये 'हॅत' (ते) घालतात. इक क्रेइख हॅत काउत: मला थंडी वाजायला लागली. 'इक वॉर्त काउत' म्हटलं तर अंग गार पडत चाललंय असा अर्थ निघतो, आणि ऐकणारा घाबरेल!

दुसरी सोय अशी की असणे आणि सुरू होणे यांची जोडी आपोआप जुळते. 'हेबन' ही अवस्था, 'क्रेइखन' हा तिच्यात प्रवेश. हॉङर हेबन म्हणजे भूक असणे, हॉङर क्रेइखन म्हणजे भूक लागणे. इक हेप हॅत काउत, इक क्रेइख हॅत काउत. यातली सगळ्यात मासलेवाईक जोडी 'खलेइक'ची. खलेइक हेबन म्हणजे आपलं म्हणणं बरोबर असणे, खलेइक क्रेइखन म्हणजे समोरच्याने ते मान्य करणे. हे दोन एक नव्हेत असं डच लोक वारंवार म्हणतात, विशेषतः शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद चालू असेल तेव्हा.

कोशकीटक

मुळाकडे वळू या का? शब्दाचा जन्म रणांगणातला आहे.

मध्ययुगीन डचमध्ये हा शब्द 'क्रीखन' असा होता, दीर्घ ई. तो दीर्घ ई पुढे फुटून 'एइ' झाला. याच बदलामुळे आज 'आय-जे' ही जोडी लिहितात पण उच्चार 'एइ' करतात. तेव्हाचा अर्थ झटणे, झगडणे, लढणे, आणि झगडून मिळवणे. नाम 'क्रेइख' म्हणजे युद्ध. जर्मनमध्ये नाम 'क्रीग' म्हणजे आजही युद्धच, आणि 'क्रीगन' हे मिळण्याचं बोलीतलं क्रियापद. तिथेही नामाचा जुना अर्थ कष्ट, विरोध, झटापट असा होता, शस्त्रांचं युद्ध नंतर आलं. स्वीडिश आणि डॅनिशमधला 'क्रीग' उत्तर जर्मनीतल्या लो जर्मनमधून तिकडे गेला.

डचमध्ये युद्धाला आता 'ओरलॉख' म्हणतात आणि सुटा 'क्रेइख' हा शब्द पोथीतला झालाय. जोडशब्दांत मात्र ठणठणीत आहे: 'क्रेइख्समाख्त' म्हणजे सैन्यदल (नेदरलँड्सच्या संविधानाच्या 97व्या कलमात हाच शब्द आहे), 'क्रेइख्सखवाङन' म्हणजे युद्धकैदी, 'क्रेइख्सराद' म्हणजे लष्करी न्यायालय. बातम्यांत 'क्रेइख्स' दिसलं की मिळण्याशी संबंध लावू नका.

गंमत रूपांत आहे. युद्ध करणे या अर्थाचं जुनं क्रियापद निर्बळ चालतं: क्रेइख्द, ख-क्रेइख्त. मिळणे या अर्थाचं सबळ: क्रेख, ख-क्रेखन. अर्थ फुटला तशी रूपंही फुटली. जर्मन क्रीगन आजही निर्बळच आहे. त्यामुळे जर्मन येणारा माणूस डचमध्ये 'ख-क्रेइख्त' म्हणून जातो आणि नकळत 'युद्ध केलं' म्हणतो.

खवचट_खारूताई

लढणे आणि मिळणे? जरा ओढूनताणून वाटतंय हो.

कोशकीटक

ओढायची गरज नाही, खारूताई. झटणे, झटून मिळवणे, नुसतं मिळवणे, आणि शेवटी काही न करता मिळणे, अशी ती उतरंड आहे. इंग्रजी 'विन' याच वाटेने गेला, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झगडणे, कष्ट करणे असाच होता. आणि आपण तरी काय करतो? बक्षीस 'पटकावतो', बाजी 'मारतो', जेवणावर 'ताव मारतो'. मिळवण्याच्या क्रियापदांत थोडी मारामारी सगळ्यांनाच आवडते.

'क्रेइखरत्ये' म्हणजे आपली शिवाशिवी. एकाने बाकीच्यांना पकडायचं. तिथे पकडण्याचा अर्थ लख्ख दिसतो. हल्ली 'तिकरत्ये' हा शब्द जास्त ऐकू येतो, पण खेळ तोच.

पवनचक्की

कोशकीटक, तुमच्या उतरंडीतली मधली पायरी अजून जिवंत आहे असं माझं मत आहे. हे वाक्य पाहा:

इक क्रेइख हॅत राम नीत ओपन.

(राम म्हणजे खिडकी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसतो.) शब्दशः 'मला खिडकी उघडी मिळत नाही', अर्थ 'माझ्याच्याने खिडकी उघडवत नाही', किंवा सरळ 'खिडकी उघडेना'. इथे मिळण्याचा लवलेश नाही, नुसती झटापट आहे. खिडकी फुगून चौकटीत अडकलीय, मुठीला जोर लावतोय, ती हलत नाही. मराठीत हे काम '-वणे' प्रत्यय किंवा 'उघडेना'तला 'ना' करतो, डचमध्ये क्रेइखन.

यातून जुळणारी-तुटणारी क्रियापदं तयार होतात: ओपनक्रेइखन, दिख्तक्रेइखन (बंद करता येणे), लॉसक्रेइखन (सोडवता येणे), आफक्रेइखन (काम पुरं करता येणे). मुख्य वाक्यात तुकडे दूर: इक क्रेइख हॅत राम नीत ओपन. गौण वाक्यात, म्हणजे 'दात' (की) नंतर, एकत्र: दात इक हॅत राम नीत ओपनक्रेख. धातुसाधितात 'ख' मध्ये घुसतो: ओपन-ख-क्रेखन. 'त' हा सुटा शब्द (इंग्रजी 'टु'सारखा, वरचा '-त' प्रत्यय नव्हे) मध्ये येतो तेव्हा तीन सुटे शब्द: ओपन त क्रेइखन.

याच घरातले वाक्प्रचार: 'इत्स वोर एल्कार क्रेइखन' म्हणजे एखादी गोष्ट जमवून आणणे. 'इत्स ऑन्दर द क्नी क्रेइखन', शब्दशः गुडघ्याखाली आणणे, म्हणजे एखादी विद्या हस्तगत करणे. 'इत्स इन द खातन क्रेइखन' म्हणजे लक्षात येणे, सुगावा लागणे. 'इमान्त त पाकन क्रेइखन' म्हणजे माणूस गाठणे, कचाट्यात सापडणे. सगळ्यांत थोडी ओढाताण आहेच ना?

झेपेल_तेवढं

पवनचक्की, 'मला जमत नाही'साठी 'हॅत लुक्त म नीत' असंही ऐकलंय. तिथे चक्क 'म' म्हणजे 'मला' आहे!

पवनचक्की

बरोबर. मराठी माणसाला आपलंसं वाटणारं क्रियापद. डचमध्ये 'मला' कर्त्याच्या जागी असल्यासारखी वाक्यं उरलीत थोडी: हॅत लुक्त म (मला जमतं), हॅत बवाल्त म (मला आवडतंय, मानवतंय), हॅत स्पेइत म (मला वाईट वाटतं, म्हणजेच 'माफ करा'). पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. बाकी सगळीकडे 'मला'चं 'इक' करायची सवय लावा. 'मेइ (मला) क्रेइख्त' असं वाक्य अस्तित्वात नाही.

पोफळी

'गेट' समजून केलेल्या चुकांची वही इथेच उघडते. पुढची सगळी वाक्यं चुकीची आहेत:

'इक क्रेइख आउत', मी म्हातारा होतोय या अर्थी. हवं: इक वॉर्त आउत.
'इक क्रेइख तउस', मी घरी पोचतो या अर्थी. हवं: इक कॉम तउस.
'इक क्रेइख हॅत', मला समजलं या अर्थी. हवं: इक स्नाप हॅत. चुकीचं वाक्य ऐकणारा 'काय मिळालं?' असं विचारेल.
'इक क्रेइख मेल्क', दुकानातून दूध आणतो या अर्थी. हवं: इक हाल मेल्क. 'हालन' म्हणजे जाऊन आणणे. क्रेइखन वापरलं तर कुणीतरी तुम्हाला दूध देतंय असा अर्थ होईल.

'हालन' आणि 'क्रेइखन' पदवीच्या बाबतीतही वेगळे. अभ्यास करून पास झालात की 'दिप्लोमा हालन'. समारंभात हातात कागद दिला जातो तो 'क्रेइखन'. 'नेमन' म्हणजे स्वतः हात पुढे करून घेणे. 'ऑन्तवाङन' म्हणजे 'प्राप्त होणे', सरकारी पत्रातला शब्द. अर्जाच्या उत्तरात 'आपलं पत्र आम्हास प्राप्त झालं' असं येतं तिथे हाच असतो, भूतकाळ 'ऑन्तविङ'. स्वयंपाकघरात तो वापरलात तर मराठीत 'मज चहा प्राप्त झाला' म्हटल्यासारखं.

'वरक्रेइखन'ही असंच औपचारिक, पण कष्टाने मिळवणे या अर्थाचं. रूपं वरक्रेख, वरक्रेखन. सुरुवातीला 'वर' असल्यामुळे धातुसाधिताला 'ख' लागत नाही. दुकानाच्या पाटीवर 'वरक्रेइखबार' दिसलं की 'इथे मिळेल'.

आइंदहोवनकर

याचा कर्मणी प्रयोग होतो का? परीक्षेत 'कर्मणी करा' असं आलं की क्रेइखनचं काय करायचं?

व्याकरणवेडी

होत नाही. 'हॅत बूक वॉर्त ख-क्रेखन' चुकीचं. करायचाच असेल तर 'वरक्रेइखन'चा करता येतो. मराठी 'मिळणे'चाही कर्मणी होत नाही, 'मिळालं जातं' कुणी म्हणत नाही, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं.

उलट क्रेइखन स्वतःच एक प्रकारचा कर्मणी तयार करतं आणि तो फार कामाचा. मराठीत 'मला पुस्तक पाठवण्यात आलं' म्हणताना 'मला' चतुर्थीत राहतो. डचमध्ये दोन वाटा. पहिली आपल्यासारखीच: मेइ वेर्त अन बूक तू-ख-स्त्यूर्त. व्याकरणशुद्ध, पण फार सोवळ्यातली. दुसरी रोजची: इक क्रेख अन बूक तू-ख-स्त्यूर्त. तिसरी वाट, 'इक वेर्त अन बूक तू-ख-स्त्यूर्त', ही चूक. इंग्रजीत अशी रचना चालते म्हणून विद्यार्थी हमखास तिथे जातात.

डॉक्टरने औषध लिहून दिलं: इक क्रेख अँतिबिओतिका वोर-ख-स्ख्रेवन. नोकरी देऊ केली गेली: इक क्रेख अन बान आन-ख-बोदन.

ही रचना सगळ्या क्रियापदांना चालत नाही. तू-, वोर-, आन-, अउत- अशी उपपदं लागलेली, देण्याघेण्याचा अर्थ असलेली क्रियापदं तिच्यात बसतात. साधं 'खेवन' (देणे) बसत नाही. 'इक क्रेख अन बूक ख-खेवन' ऐकून डच माणूस भुवया उंचावतो. देणं क्रेइखनमध्ये आधीच आलं, दोनदा कशाला? भेट मिळाली असेल तर: इक हेप हॅत कादो ख-क्रेखन.

कधीकधी एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात. 'झेइ क्रेख द रामन ख-वासन': तिला खिडक्या धुऊन मिळाल्या, की तिने खटपट करून खिडक्या धुऊन काढल्या? दोन्ही शक्य. पवनचक्कीची झटापट इथेही डोकावते.

आणि त्याच सुट्या 'त'सह: इक क्रेख त होरन दात... म्हणजे मला सांगण्यात आलं की... पूर्ण भूतकाळात 'इक हेप त होरन ख-क्रेखन'. डचमध्ये काही क्रियापदं अशा जागी धातुसाधित टाकून मूळ रूप घेतात, त्या सवयीने 'हेप क्रेइखन' म्हणू नका. इथे ख-क्रेखनच.

कोशकीटक

अवांतर, पण 'मला' प्रेमींसाठी. रेल्वेच्या घोषणेतलं जुनं शुद्ध वाक्य 'रेइझिखर्स वॉर्त वरझॉख्त...', प्रवाशांना विनंती करण्यात येते. प्रवासी अनेकवचनी, क्रियापद एकवचनी, कारण प्रवासी कर्ता नाहीतच, ते चतुर्थीत आहेत. अगदी आपल्या 'प्रवाशांना विनंती करण्यात येते'सारखं. डच लोकांच्या कानाला हे विचित्र वाटू लागलं आणि 'रेइझिखर्स वॉर्दन वरझॉख्त' रूढ झालं. आता दोन्ही चालतात. क्रेइखनचा कर्मणी लोकांना इतका सोयीचा का वाटतो त्याचं उत्तर यातच आहे. वाक्याच्या सुरुवातीला उभा असलेला माणूस त्यांना कर्ताच हवा असतो.

झेपेल_तेवढं

दुकानातलं राहिलं. बाजारात विक्रेता म्हणतो: 'दान क्रेइख इक वान यू त्वाल्फ फेइफ्तिख.' म्हणजे 'मग मला तुमच्याकडून 12.50 मिळतील', थोडक्यात 'बारा पन्नास द्या'. मराठी कान 'क्रेइख' ऐकून आपल्यालाच काहीतरी मिळणार असं समजतो. विचारायचं असेल तर: 'हूवेल क्रेइख्त यू वान मेइ?', किती झाले?

उधारीची आठवण: 'इक क्रेइख नॉख तीन युरो वान य.' इथे दुसरा सापळा. डच 'तीन' म्हणजे दहा! तीनला 'द्री' म्हणतात. समोरचा दहा मागतोय आणि आपण तीन काढून देतोय, असं व्हायला नको.

आणि 'हेप य दात मे-ख-क्रेखन?' म्हणजे 'तुझ्या कानावर आलं का?', 'लक्षात आलं का?' मेक्रेइखन म्हणजे सोबत मिळणे, आणि त्यावरून बोलण्याचा सूर पकडणे.

खवचट_खारूताई

आज्ञार्थ राहिला! 'क्रेइख नाउ वात!' हा नुसता आश्चर्योद्गार, 'अरेच्चा!' किंवा 'काय सांगता!' हा वापरायला हरकत नाही. पण 'क्रेइख द...' आणि पुढे रोगाचं नाव आलं की ती शिवी. क्षय, विषमज्वर, पटकी, सगळे आहेत यादीत. 'क्लेर' हा शब्द 'कोलेरा'चाच झिजलेला अवतार. आपल्याकडे 'तुला पटकी येवो' म्हणणाऱ्या आज्या होत्या, त्यांना हे व्याकरण लगेच कळलं असतं. ओळखण्यापुरतं शिका, वापरू नका. कर्करोगाचं नाव घेऊन दिलेली शिवी तर डच लोकांनाही सगळ्यात जिव्हारी लागते.

कोशकीटक

1652मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केपला ठाणं टाकलं, तिथल्या डचची पुढे आफ्रिकान्स ही भाषा झाली. तिथे या क्रियापदाचं 'क्रेइ' उरलं. मधला ख गेला, सबळ रूपं गेली: एक क्रेइ, एक हॅत ख-क्रेइ. संपलं. विद्यार्थ्यांचा स्वर्ग. वर अर्थ पसरून 'सापडणे'सुद्धा झाला, आणि थंडी वाजली की मधल्या 'हॅत'शिवायच 'एक क्रेइ काउत'. (ही कंपनी त्याआधी 1637पासून वेंगुर्ल्यात वखार मांडून होती, पण तिथे क्रियापद काही रुजलं नाही.)

पवनचक्की

सरावाला पाच वाक्यं देते. भाषांतर करा.
1. मला उद्या पगार मिळतो. 2. तिला काल पत्र आलं. 3. बरणी उघडेना. 4. कार्यालय बंद असल्याचं मला सांगण्यात आलं. 5. आम्ही म्हातारे होत चाललो.

आइंदहोवनकर

1. मॉर्खन इक क्रेइख मेइन सालारिस.
2. झेइ हेफ्त खिस्तरन अन ब्रीफ ख-क्रेखन.
3. द पॉत क्रेइख्त नीत ओपन.
4. इक क्रेख त होरन दात हॅत कान्तोर इस ख-स्लोतन.
5. वेइ वॉर्दन आउत.

व्याकरणवेडी

2 आणि 5 पक्के. 1मध्ये 'मॉर्खन' पहिल्या जागी बसला की क्रियापद दुसऱ्या जागी, कर्ता तिसऱ्या: मॉर्खन क्रेइख इक मेइन सालारिस. 3मध्ये बरणीला कर्ता केलंत, ते मराठीचं ओझं. बरणी काही मिळवत नाही, झटणारे तुम्ही: इक क्रेइख द पॉत नीत ओपन. 4मध्ये 'दात'नंतरचं क्रियापद शेवटी गेलं पाहिजे: दात हॅत कान्तोर ख-स्लोतन इस. 'ख-स्लोतन इस' की 'इस ख-स्लोतन' यावर वाद होतो तो खऱ्या धातुसाधिताबाबत, तिथे दोन्ही क्रम चालतात. इथे ख-स्लोतन म्हणजे 'बंद' हे विशेषण आहे, म्हणून 'इस' त्याच्या मागेच.

आइंदहोवनकर

बरणीचं पटलं. मग 'बरणी उघडते' म्हणजे माणूस न आणता, ते कसं म्हणायचं?

व्याकरणवेडी

द पॉत खात ओपन. 'खान', म्हणजे जाणे. उघडत नसेल तर: द पॉत खात नीत ओपन. त्यात कुणी जोर लावतंय की नाही ते कळत नाही, क्रेइखनमध्ये कळतं.